पहिली लढाई साधी ठेव

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ तू चालवणार असशील, तर नवख्या खेळाडूंना लढाईचे सगळे नियम आधी समजावत बसू नकोस. वीस बाजूंचा फासा टाका, बोनस मिळवा, आकडा समोरच्याच्या आर्मर क्लासइतका (म्हणजे त्याच्या बचावाच्या आकड्याइतका) किंवा जास्त आला की वार लागला. सुरुवातीला एवढं पुरे.

शत्रू निवडताना मात्र नीट आकडेमोड कर. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४ ची) गॉब्लिन या छोट्या राक्षसाचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) फक्त ७, म्हणून तो किरकोळ वाटतो. पण त्याचा वार १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) अधिक २ चा, आणि पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, हिट पॉइंट असतात जेमतेम ६ ते ८. दोन वारांत गडी आडवा! क्रिटिकल (फाशावर थेट २० पडून लागलेला जास्त जोरदार वार) बसला तर कदाचित एकातच. म्हणून चौघा खेळाडूंसमोर तीनच गॉब्लिन उभे कर, आणखी दोघांना झुडपात राखून ठेव. गरज वाटली तरच बाहेर काढ. ते तिथे होते हे कुणाला कळणारही नाही.

कुणी झुंबराला लटकून झेप घेतो म्हणाला तर पुस्तक चाळू नकोस. डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) चेक माग, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून ठरलेला आकडा गाठायला सांग. सोपं असेल तर १०, मध्यम असेल तर १५. नियम नंतर बघू.

पाळी कुणाची आणि त्यानंतर कोण, हे दर वेळी मोठ्याने सांग.

निकाल दिसू लागला की उरलेल्यांना पळू दे किंवा शरण येऊ दे. शेवटचे ३ पॉइंट संपवण्यात कुणालाच मजा नसते. फक्त पकडलेला गॉब्लिन काय बोलणार ते आधी ठरवून ये, कारण त्याची उलटतपासणी होणारच.