नवीन ऑनलाइन आरपीजी आपल्यासाठी आहे की नाही, हे आधी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मित्रांचा सगळा ग्रुप एका नव्या ऑनलाइन आरपीजीवर (एक पात्र घेऊन त्याची ताकद वाढवत खेळायचा गेम) चाललाय, तुम्ही आतापर्यंत बहुतेक सिंगल प्लेयर आरपीजीच खेळलात, दिवसाला जेमतेम एक तास मिळतो, घरात लहान बाळ आहे त्यामुळे मधेच उठावं लागतं, ट्रेलर बघून मन झालंय पण आपल्या खेळायच्या पद्धतीला हा गेम सूट होईल का ते कळत नाहीये. मी असे गेम बरीच वर्षं खेळतेय, बहुतेक वेळा टँक (पुढे राहून शत्रूचा मार अंगावर घेणारा) म्हणून, आणि दोनदा साफ चुकीचा गेम धरून महिनेच्या महिने घालवलेत, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

ट्रेलर, ग्राफिक्स, मॅप केवढा मोठा, क्लास किती, हे सगळं आधी बाजूला ठेवा. सिंगल प्लेयर गेममध्ये तुम्ही एक गोष्ट निवडता आणि ती चाळीस-पन्नास तासांत संपते. ऑनलाइन गेममध्ये तुम्ही रोजचा दिनक्रम निवडता. स्टोरी संपली, लेव्हल पूर्ण झाली, त्यानंतरच्या एका साध्या मंगळवारी संध्याकाळी लॉगिन केल्यावर हा गेम तुमच्याकडून काय करून घेणार, हा खरा प्रश्न आहे आणि ट्रेलरमध्ये नेमकं तेच कधी दाखवत नाहीत.

माझं काय झालं सांगते. एका नव्या गेमवर (नाव घेत नाही) आम्ही सहा जण एकत्र गेलो, लेव्हलिंगचे पहिले साठेक तास इतके मस्त गेले की मी सगळ्यांना सांगत सुटले होते या म्हणून. मग मॅक्स लेव्हल आली आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन केल्यावर स्क्रीनच्या उजव्या बाजूला चौदा डेलींची, म्हणजे रोज करायच्या कामांची, यादी. त्या केल्या की टोकन, टोकनवरून दगड, दगडावरून गियर (शस्त्रं, चिलखत) प्लस वन, म्हणजे एक पायरी वर, करायचा प्रयत्न, आणि तो फेल झाला की दगड गेले. रोज सव्वा तास फक्त यादी संपवण्यात जायचा आणि ती संपेपर्यंत मित्रांशी नीट बोलणंही व्हायचं नाही कारण प्रत्येक जण आपापली यादी करत असायचा. त्या गेममध्ये वाईट काहीच नव्हतं, ज्यांना रोज थोडं थोडं पुढे सरकलेलं बघायला आवडतं त्यांना तो फार आवडायचा, माझ्या ग्रुपमधला एक जण अजूनही खेळतोय. फक्त ती यादी माझ्यासाठी नव्हती, आणि हे मला साठ तासांनंतर कळलं, जे एका संध्याकाळीसुद्धा कळू शकलं असतं.

कसं ते सांगते, पण त्याआधी स्वतःकडे बघायला लागतं. माझा प्लेस्टाईल काय असं थेट स्वतःला विचारलं तर आपण खोटं बोलतो, मुद्दाम नाही, पण बोलतो. मी सुद्धा सांगायचे की मला चॅलेंज आवडतं. त्यापेक्षा आतापर्यंत खेळलेल्या गेम्समधले तीन क्षण लिहून काढा जे अजून लख्ख आठवतात. गेमची नावं नकोत, क्षण. माझा एक असा आहे: रेडमध्ये, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून करायच्या मोठ्या लढाईत, बॉसचा जीव तीन टक्क्यांवर, हीलरचा (बाकीच्यांना बरं करणाऱ्याचा) माना, म्हणजे मंत्रांची शक्ती, संपलेला, व्हॉइसवर वीस माणसं आणि कोणी एक शब्द बोलत नाहीये, फक्त कीबोर्डचा आवाज. दुसरा एकदम उलटा आहे, एका गेममध्ये एक टेकडी होती, तिथे ना क्वेस्ट ना लूट, मी उगाच चढत गेले तर वर एक मोडकी होडी ठेवलेली आणि आत दोन वल्ही व्यवस्थित बांधून ठेवलेली, इतक्या उंचावर होडी कोणी आणली असेल असा विचार करत मी तिथे दहा मिनिटं बसले होते. या दोन्हींत गियर कुठे आहे? त्या रेडमध्ये आम्हाला शेवटी लूट काय मिळाली ते मला आठवतसुद्धा नाही. म्हणजे ज्या गेमचा सगळा डोलारा गियर प्लस वनवर उभा आहे तो माझ्यासाठी नाही, हे त्या कागदावर आधीच लिहिलेलं होतं.

यावर एक जुनं वर्गीकरण आहे, वाचलं असेल कदाचित. रिचर्ड बार्टल म्हणून आहेत, एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केलेल्या मड या अनेकांनी एकत्र खेळायच्या पहिल्यावहिल्या टेक्स्ट गेमवर त्यांनी काम केलं होतं, आणि १९९६ मध्ये त्यांनी एक पेपर लिहिला ज्यात खेळाडूंचे चार प्रकार मांडले: काहीतरी मिळवणारे, फिरून शोधणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यांवर मात करण्यात मजा घेणारे. त्यावरची एक टेस्ट सगळीकडे फिरत असते, ती बार्टल यांनी स्वतः बनवलेली नाही आणि तिच्यातल्या टक्केवारीवर फार जाऊ नका असं माझं मत. पण चार शब्द म्हणून ते कामाचे आहेत. तुमचे तीन क्षण या चारपैकी कुठे बसतात बघा, बहुतेक दोन ठिकाणी बसतील.

आता गेमकडे. एक काम करा, त्या गेममध्ये मॅक्स लेव्हलला असलेल्या कोणालाही शोधा, तुमच्या मित्रांपैकी पुढे गेलेला असेल तर उत्तमच, आणि त्याला "गेम कसा आहे" असं विचारूच नका, कारण उत्तर येणार "भारी आहे". विचारा, "काल लॉगिन केल्यापासून लॉगआउट करेपर्यंत काय काय केलंस, क्रमाने सांग." तो सांगेल की आधी डेली केल्या, मग रांगेत वीस मिनिटं थांबलो, मग एक डंजन (चार-पाच जणांनी मिळून पार करायची शत्रूंनी भरलेली जागा), मग ऑक्शन हाऊसवर माल लावला, मग गप्पा मारल्या. हे ऐकताना तुम्हाला हेवा वाटतोय की कंटाळा येतोय तेवढंच बघा. यापेक्षा चांगली टेस्ट मला तरी सापडलेली नाही. असं कोणी नसेल तर एखाद्या छोट्या स्ट्रीमरचा (आपला खेळ लोकांना थेट दाखवणाऱ्याचा) मधल्या वारचा, एडिट न केलेला व्हिडिओ लावा आणि मधूनच कुठूनतरी वीस मिनिटं सलग बघा. मोठ्या स्ट्रीमरचा नको, त्याच्यामागे शंभर माणसांची गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा कायमचा गट, उभी असते, त्याला रांग लागत नाही आणि साहित्य गोळा करायला लागत नाही, त्याचा गेम वेगळा आणि तुमचा वेगळा.

दुसरं, गेमचं दुकान उघडा. तिथे पैशाने जे विकायला ठेवलंय त्यावरून गेममध्ये त्रास कुठे आहे ते कळतं. बॅगेतली जागा विकतायत म्हणजे बॅग सारखी भरणार. एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) बूस्ट विकतायत म्हणजे लेव्हलिंग मधे कुठेतरी रेंगाळणार. अपग्रेड फेल झालं तरी गियर वाचवणारी वस्तू विकतायत म्हणजे गियर तुटतं. नुसते कपडे, घोडे, रंग विकत असतील तर बरीचशी काळजी मिटली. मला स्वतःला कपड्यांवर पैसे घालवायला काही वाटत नाही, पण त्रास टाळायचे पैसे मागणारा गेम मी आता धरत नाही.

तुमच्या बाबतीत तर वेळेचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. ऑनलाइन गेमला पॉज नसतो, बाळ रडलं आणि तुम्ही डंजनमध्ये असाल तर बाकीच्या तिघा-चौघांचाही खोळंबा होतो, आणि टँक किंवा हीलर असाल तर सगळेच मरतात. म्हणून आधी हे बघा की गेममधल्या महत्त्वाच्या गोष्टी किती मिनिटांच्या तुकड्यांत होतात आणि एकट्याने होतात का. फायनल फॅन्टसी १४ मध्ये मुख्य स्टोरीतले डंजन कॉम्प्युटरच्या साथीदारांना घेऊन करता येतात, तिथे तुम्ही उठून गेलात तर खऱ्या माणसाचा खोळंबा होत नाही. गिल्ड वॉर्स २ मध्ये २०१२ पासून लेव्हल कॅप, म्हणजे कमाल लेव्हल, ८० च आहे, सहा महिने गायब होऊन परत आलात तरी तुमचं चांगलं गियर चांगलंच राहतं. ईव्ह ऑनलाइनमध्ये स्किल शिकणं घड्याळावर चालतं, तुम्ही लॉगआउट असलात तरी, पण तिथे जहाज फुटलं की गेलं ते गेलं, ते तुमच्या मनाला चालेल का हा वेगळा प्रश्न. याच्या उलट बाजूला गेन्शिन इम्पॅक्टचं रेझिन (बक्षिसं घ्यायला खर्च करावी लागणारी ऊर्जा) बघा, दर ८ मिनिटांनी १ मिळतं आणि २०० ला थांबतं, म्हणजे साधारण २७ तासांत टाकी भरली, त्यानंतर तुम्ही आला नाहीत की पुढचं वाया. नव्या गेममध्ये अशी भरून वाहणारी टाकी आहे का ते नक्की शोधा. रोज येणाऱ्याला ती दिसतही नाही, पण बाळ आजारी पडलं म्हणून चार दिवस न आलेल्या माणसाला परत आल्यावर आपण मागे पडलो असं वाटायला लागतं, आणि मग हळूहळू येणंच बंद होतं.

प्रगतीचा वेगही एकसारखा नसतो हे लक्षात ठेवा. पहिल्या दहा तासांत धडाधड लेव्हल येतात आणि आपण धरून चालतो की पुढेही असंच. रुनस्केपमधलं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे, ९९ लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात आणि ९२ ला ६५,१७,२५३, म्हणजे ९२ वर पोचलात तेव्हा अर्धा रस्ता झालेला असतो. काही जणांना हे आकडे ऐकूनच हुरूप येतो, तासभर एकीकडे मासे पकडत गप्पा मारत बसायला त्यांना खरंच आवडतं, आणि त्यात काहीही कमी प्रतीचं नाही. तुम्ही त्यांच्यातले आहात का तेवढं ठरवा.

लढाईचा हाताला लागणारा वेग मात्र वाचून कळत नाही, तो खेळूनच बघायला लागतो. फायनल फॅन्टसी १४ मध्ये दोन मुख्य हल्ल्यांमधलं अंतर मुळात अडीच सेकंदांचं आहे, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये बहुतेक क्लासना दीड सेकंदाचं, आणि जे गेम नेम धरून, लोळून, चुकवून खेळायचे असतात त्यांच्यात असं ठरलेलं अंतर जवळजवळ नसतंच. कागदावर फरक एका सेकंदाचा, पण दिवसभराच्या कामानंतर थकलेल्या हातांना तो फार मोठा असतो. सर्व्हर लांब असला आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) जास्त असला तर या चुकवून खेळायच्या गेममध्ये तुम्ही वेळेवर लोळूनसुद्धा मार खाता, त्यामुळे पिंग आधी तपासा आणि मगच कॅरेक्टरच्या नाकडोळ्यांवर वेळ घालवा.

आणि हो, रिफंडचं. स्टीमवर, म्हणजे गेमच्या त्या ऑनलाइन दुकानात, घेत असाल तर खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचे २ तास यांच्या आत परत करता येतं, पण गेमचा वेगळा लाँचर उघडून अपडेट डाउनलोड होत असतानाचा वेळही त्या दोन तासांत धरला जातो आणि कॅरेक्टर बनवण्यात पाऊण तास जातो तोही. त्यामुळे पहिलं कॅरेक्टर जे समोर येईल ते घ्या, चेहरा नंतर. फ्री ट्रायल असेल तर तीच खेळा, फक्त ट्रायलमध्ये काय बंद ठेवलंय ते वाचा. फायनल फॅन्टसी १४ ची ट्रायल लेव्हल ७० पर्यंत आहे, भरपूर आहे, पण तिच्यात मार्केट बोर्ड (खेळाडूंचा आपसातला बाजार) वापरता येत नाही आणि गिल्डमध्ये जाता येत नाही. म्हणजे ज्याला व्यापार किंवा गिल्डची सोबत यांतच रस आहे त्याला ट्रायल एकटी-एकटी वाटेल आणि तो गेमलाच नावं ठेवून निघून जाईल.

मित्रांबद्दल शेवटी लिहितेय पण तुमच्यासाठी तेच सगळ्यात नाजूक आहे. मित्र असले की कुठलाही गेम पहिले दोन आठवडे चांगलाच वाटतो, त्यामुळे ग्रुपबरोबर खेळून गेमची परीक्षा होत नाही. एक संध्याकाळ कोणालाही न सांगता एकटे खेळा. आणि त्यांना आधीच विचारा की ते रोज किती वेळ देणार, कारण ते तीन तास खेळणार आणि तुम्ही एक, म्हणजे दहाव्या दिवशी ते तुमच्या वीस तास पुढे असणार. मग गेममध्ये लेव्हल सिंक आहे का, म्हणजे ते खाली येऊन तुमच्याबरोबर खेळले तर त्यांनाही काही उपयोगी बक्षीस मिळतं का, हे महत्त्वाचं ठरतं. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनने २०१६ मध्ये सगळं जगच खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे जुळवून घेतलं, तिथे नवा आणि जुना एकत्र फिरू शकतात. नव्या गेममध्ये असं काही नसेल तर मित्र आठवडाभर तुमच्यासाठी थांबतील, प्रेमाने थांबतील, पण नंतर त्यांना थांबवणं तुम्हालाच जड जाईल. तेव्हा त्यांना सरळ सांगा की आठवड्यातला एक वार ठरवू आणि त्या दिवशी सगळ्यांनी नवीन कॅरेक्टर घेऊन माझ्याबरोबर खेळायचं, ते कॅरेक्टर इतर दिवशी उघडायचं नाही. आमच्या ग्रुपमध्ये एकाचं असंच होतं, त्यालाही तासभरच मिळायचा, आणि बाकीच्या पाच जणांची मुख्य कॅरेक्टर्स दोन गेम बदलून झाली तरी ती गुरुवारची कॅरेक्टर्स अजून चालू आहेत.

तुम्ही गेमचं नाव लिहिलं नाहीत. ते कळवा आणि ते तीन क्षणही लिहा, मग जास्त नेमकं सांगता येईल.