'देवानंच बुद्धी दिली' आणि 'योगायोग' : एकच की वेगळं?

एका नातवाचा प्रश्न आहे. आजी घरातून निघाली, बसथांब्यापर्यंत गेली आणि चष्मा राहिला म्हणून मागे फिरली. घरात येऊन पाहते तो दूध उतू जाऊन गॅस विझलेला आणि घरभर वास. तिनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, आणि तेव्हापासून येईल त्याला सांगते, "देवानंच बुद्धी दिली परत फिरायची." नातू म्हणतो, योगायोग. दोघं एकच बोलतायत का, आणि इंग्रजीतल्या 'प्रॉव्हिडन्स'ला, म्हणजे देवानं आधीच पाहून केलेल्या तजविजीला, मराठीत शब्द कोणता, असं त्याला हवं आहे.

दोघं एकच बोलत नाहीत. गंमत अशी की 'योगायोग' हा शब्दही मुळात नातवाच्या बाजूचा नव्हता. योग अधिक अयोग, म्हणजे जुळणं आणि न जुळणं. 'योग' हे पंचांगाच्या पाच अंगांतल्या चौथ्याचंही नाव. तिथी, वार, नक्षत्र, मग योग आणि करण. "योग असला तर भेटू" म्हणताना आपण अजूनही काहीतरी वरचं गृहीत धरतो. पण त्याच शब्दाला 'अयोग' चिकटला आणि पुढे 'निव्वळ' येऊन बसला, की सगळं उलटं होतं. "निव्वळ योगायोग समजावा" याचा अर्थ यामागे कोणी नाही, उगाच शोधू नका. बंगालीत हाच शब्द 'जोगाजोग' होऊन संपर्क आणि दळणवळण या अर्थानं रुळला. तिकडे त्याला ना देवाशी घेणं ना दैवाशी.

'दैवयोग' नातवाला सुचला नाही हे बरंच झालं, कारण तो आजीच्या उपयोगाचा नाही. 'दैव' हा 'देव'पासूनच निघाला, पण मराठीत या बापलेकांचं पटत नाही. दैवाला सु आणि दुर् दोन्ही लागतात. सुदैव आणि दुर्दैव आहेत, देवाला मात्र असं काही लावायची कोणाची छाती नाही. दैव देतं आणि कर्म नेतं. दैवाला कोणी हात जोडत नाही, बोल लावतात.

आता आजीचं वाक्य. घडलं त्याला तिनं 'योगायोग'सारखं नावच दिलेलं नाही. देवानं दूध थांबवलं असं ती म्हणत नाही, गॅस बंद केला असंही नाही. देवानं काय केलं, तर बुद्धी दिली. पाय आजीचेच फिरले. हा विचार फार जुना आहे. विदुरनीतीत एक श्लोक आहे, त्याचा भाव असा: देव गुराख्यासारखे हातात काठी घेऊन राखण करत बसत नाहीत, ज्याला राखायचं असतं त्याला बुद्धीचा वाटा देतात. आजीनं विदुरनीती वाचली असेल नसेल, वाक्य तेच आहे. (विदुर हे रात्रभर सांगत होता धृतराष्ट्राला, झोप उडालेल्या माणसाला. धृतराष्ट्राच्या वाट्याला नेमकी ती बुद्धीच आली नव्हती.)

विदुर तिथे थांबत नाही. ज्याचा पराभव करायचा त्याची बुद्धी देव काढून घेतात, असंही तो म्हणतो. मराठी माणूस या दुसऱ्या अर्ध्याला हात लावत नाही. आजी परत फिरली नसती आणि काही घडलं असतं, तर घरचे म्हणाले असते, "कुठून बुद्धी झाली आणि दूध तसंच ठेवून गेली." बुद्धी *झाली*. कोणी दिली नाही. चांगली बुद्धी देव देतो, वाईट बुद्धी आपली आपण होते, फिरते, नाहीतर भ्रष्ट होते. क्रियापद बदललं की देव वाक्यातून अलगद बाजूला. देवावर आळ येऊ नये म्हणून व्याकरणानं इतकी काळजी घेतलेली मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

आणखी एक. हे वाक्य स्वतःबद्दलच बोलायचं असतं. दुसऱ्याबद्दल तेच शब्द आले की सूर बदलतो. "देव त्याला सद्बुद्धी देवो" ही प्रार्थना वाटते, पण असते सभ्य शिवी.

याच घरातला दुसरा शब्द 'पावणे'. "शेवटची गाडी मिळाली, देव पावला!" संस्कृत प्र-आप्, म्हणजे पोचणे, मिळणे, त्यापासून प्राकृतमार्गे 'पावणे' आला. नवसाला पावणारा देव तोच, आणि पैसे पोचल्याची 'पावती' तीही त्यातलीच. कीर्तनातली दामाजीपंतांची गोष्ट इथे हटकून आठवते. मंगळवेढ्यात दुष्काळात सरकारी कोठारातलं धान्य वाटलं, बेदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, आणि दामाजी पोचायच्या आत विठू महाराच्या रूपात पांडुरंगानं रक्कम भरली, वर पावतीही घेतली. देव पावला त्याची पावती, अगदी शब्दशः.

उलट कोकण-गोव्यातला 'कौल' आधी घेतात. देवाच्या अंगावर पाण्यानं पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कोणत्या बाजूची पडते ते बघायचं. शब्द अरबीतून आलेला, अर्थ वचन. पुढे जनताही निवडणुकीत तो देऊ लागली. आजीनं काही विचारलं नव्हतं, म्हणून तिचं प्रकरण कौलाचं नव्हे. तिला ते मागाहून कळलं.

राहिला 'प्रॉव्हिडन्स'. लॅटिनमध्ये त्याचं मूळ पुढचं पाहण्यात आहे: पुढचं पाहून तजवीज करणारा तो. त्याच मुळाचा 'प्रॉव्हिडंट' आपल्या पगारातून दर महिन्याला कापला जातो, त्याला मराठीत भविष्य निर्वाह निधी म्हणतात. आपल्याकडे या कल्पनेच्या सगळ्यांत जवळचा शब्द 'योगक्षेम'. नाही ते मिळवून देणं हा योग, आहे ते राखणं हे क्षेम. गीतेच्या नवव्या अध्यायात कृष्ण ते वाहण्याचं वचन देतो, आणि 1956 साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळानं तेच आपलं ब्रीद केलं. मुंबईतल्या त्यांच्या मुख्यालयाचं नावही 'योगक्षेम'. इंग्रजी शब्द भविष्य निर्वाह निधीत गेला, आपला विम्यात. दोन्हीकडे हप्ते आहेतच.

पण 'योगक्षेम' भारदस्त आहे, गॅसच्या बटणापाशी तो शोभत नाही. रोजच्या बोलण्याजवळचा नमुना हवा असेल तर जुनी लग्नपत्रिका काढा. "आमचे येथे श्रीकृपेकरून..." अशी सुरुवात आणि शेवटी "...करण्याचे योजिले आहे." वाक्य एकच. आरंभी देवाची कृपा, आणि 'करून' हा तृतीयेचा अर्थ देणारा, म्हणजे कृपा हे साधन. शेवटी 'योजिले', ते माणसांनी, कार्यालयाची तारीख बघून. हे 'योजणे' आणि 'योगायोग'मधला 'योग' दोन्ही युज् धातूचेच.

तेव्हा भाषांतरात एकाच शब्दाची गरज पडली तर 'ईश्वरी योजना' लिहावं, वाचणाऱ्याला अडणार नाही. कथेत आजी बोलत असेल तर तो शब्द तिच्या तोंडी घालू नये, ती बुद्धीच म्हणेल. आणि नातवानं 'योगायोग' म्हणावं की, फक्त पुढे 'निव्वळ' लावू नये. तेवढा एक शब्द गाळला तर दोघांचं भांडण व्याकरणापुरतं उरतं.