सिंहगडाचा फोटो डेस्कटॉपवर लावताय?

सिंहगडाच्या कल्याण दरवाजाशी सोबत्यांबरोबर काढलेला फोटो डेस्कटॉपवर लावायचा म्हणताय, उत्तम! विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून 'सेट ॲज डेस्कटॉप बॅकग्राउंड' निवडलं की झालं. खरी गंमत फोटो निवडण्यात आहे.

नवीन मंडळी हमखास चुकतात ती इथे: फोटो मोबाइलवरून व्हॉट्सॲपने स्वतःलाच पाठवतात. तिथे तो दाबून लहान होतो आणि मोठ्या स्क्रीनवर दरवाजाचे दगड चिखलासारखे दिसतात. केबलने घ्या, नाहीतर व्हॉट्सॲपवरच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी येते. तुमचा स्क्रीन १९२०×१०८० पिक्सेलचा (म्हणजे ठिपक्यांचा) असेल, तर फोटो निदान तेवढा हवा.

दुसरं, फोटो आडवा असू द्या. फोटो स्क्रीनवर कसा बसवायचा याचे विंडोजमध्ये पर्याय असतात. उभा फोटो 'फिल'वर ठेवलात तर वरखाली कापला जातो, 'फिट'वर दोन्ही बाजूंना पट्ट्या येतात, आणि 'स्ट्रेच'वर तर तुमचे सोबती पर्वतीएवढे रुंद! आडवा घ्या, 'फिल' ठेवा. हे पर्याय रिकाम्या डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'पर्सनलाइझ', मग 'बॅकग्राउंड' इथे मिळतील.

आणखी दोन बारीक गोष्टी:
- आयकॉन डावीकडे असतात, म्हणून चेहरे उजवीकडे येतील असा फोटो निवडा. आकाश डावीकडे आलं तर फारच छान.
- फोटो आधी 'पिक्चर्स' फोल्डरमध्ये ठेवा. पेनड्राइव्हवरून थेट लावू नका.

रोज बदलणारा स्लाइडशो, दोन मॉनिटरवर वेगवेगळे फोटो वगैरे सध्या राहू द्या. आधी हा एक लावा, नाही आवडला तर दुसरा लावायला अर्धं मिनिटही लागत नाही.