थायरॉइडची गोळी चालू असताना सोयाबीन खाल्लं तर चालतं का?

चालतं, फक्त वेळ सांभाळा. सोयामुळे थायरॉक्सिनची गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. मग डोस तोच असूनही टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढतो. सकाळची लोकल गाठायच्या घाईत गोळी आणि सोया मिल्क एकापाठोपाठ घेणारे इथेच फसतात. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. सोया मात्र चार तासांनी, म्हणजे थेट दुपारच्या डब्यात. कोरडे सोया चंक्स २५-३० ग्रॅम पुरे, त्यात साधारण १३-१५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मीठ आयोडीनयुक्तच ठेवा (सैंधवाचं फॅड इथे नडतं). रोज खायला लागलात तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. आणि नेहमीच्या प्रमाणातल्या सोयाने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटत नाही, जिममध्ये कोणी काहीही सांगो.