ओढ्यापलीकडे लाईट आली, आमच्याकडे का नाही?

प्रश्न : आमचं गाव दापोली तालुक्यात. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर वादळ झालं, रात्री लाईट गेली ती चौथ्या दिवशी संध्याकाळी आली. ओढ्यापलीकडच्या वाडीत मात्र दुसऱ्याच दिवशी दिवे लागले होते. ऑफिसला फोन केला की "काम चालू आहे" एवढंच ऐकायचं. वायरमन आले पण तासभर लाईनखाली उभे राहून फोनवरच बोलत होते, पोलवर चढेचनात. हे लोक नक्की काय करतात? आमच्या वाडीवर काही राग आहे का?

उत्तर : चार दिवस विहिरीवरचा पंप बंद, मोबाईल बंद, घरात म्हातारी माणसं, राग येणारच. मी तीसेक वर्षं लाईनवर आणि सबस्टेशनात काढली, हाच प्रश्न लोकांनी मला अंगणात उभं राहून विचारलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वीज तुमच्या घरात येते ती टॉवर लाईनवरून मोठ्या सबस्टेशनात, तिथून ३३ केव्हीने (म्हणजे ३३ हजार व्होल्टने) तुमच्या भागातल्या सबस्टेशनात, मग ११ केव्हीच्या फिडरवरून, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या लाईनवरून, डीपीपर्यंत, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत आणि डीपीवरून पोलापोलाने घरात. दुरुस्ती पण त्याच क्रमाने करावी लागते, कारण फिडरच मेलेला असेल तर तुमची डीपी आधी नीट करून काय उपयोग. फिडरमध्येही आधी दवाखाना, पाणीपुरवठा, मोबाईल टॉवर, मग जिथे एका कामात जास्त घरं उजळतील ती लाईन, आणि शेवटी एखाद्या पोलवरची दोन-चार घरं. शेवटच्या पोलवरच्याला हे पटत नाही, मला माहितीये, पण दुसरा क्रम लावला तर सगळ्यांनाच उशीर होतो.

ओढ्यापलीकडची वाडी बहुतेक दुसऱ्या फिडरवर असणार. किंवा फिडर एकच, पण ती वाडी सबस्टेशनच्या बाजूला आणि तुटलेली तार तुमच्या बाजूला. अशा वेळी मधला एबी स्विच, म्हणजे पोलवरून लाईन मधेच तोडणारा स्विच, खाली पाडतात आणि सबस्टेशनच्या बाजूचा चांगला भाग चालू करून देतात, तुटलेल्या तारेच्या बाजूचा भाग काम होईपर्यंत अंधारात राहतो. त्यात राग-लोभ काही नसतो.

आणि वेळ का लागतो ते निसर्ग वादळाच्या वेळी सगळ्या कोकणाने बघितलंय. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, नारळी-पोफळीच्या बागा तारांवर झोपल्या, काही गावांत लाईट यायला आठवडेच्या आठवडे लागले. आधी झाड कापायचं, मग खड्डा खणायचा, पोल उभा करायचा, इन्सुलेटर बसवायचा, तार ओढायची, आणि शेताच्या बांधावर गाडी जात नाही तिथे पोल माणसांनी खांद्यावरून न्यायचा. त्यात तो लॉकडाऊनचा काळ. बाहेरच्या जिल्ह्यांतून टीम आल्या होत्या, त्यांना कुठली लाईन कुठे जाते हे स्थानिक वायरमननेच दाखवायचं.

आता त्या तासभराच्या फोनबद्दल. ते गप्पा मारत नव्हते, परमिट घेत होते. सबस्टेशनातला ऑपरेटर ब्रेकर (लाईनचा मोठा स्विच) पाडतो, आयसोलेटर उघडून लाईन डोळ्यांना दिसेल अशी तोडतो, अर्थिंग करतो, म्हणजे तार जमिनीला जोडतो, आणि मग सांगतो की लाईन बंद आहे, कामाला लागा. एकाच फिडरवर तीन ठिकाणी टीम असतील तर तिघांची परमिटं परत आल्याशिवाय लाईन चालू करता येत नाही. आणि परमिट मिळालं तरी वायरमन आधी स्वतःच्या हाताने लाईनला अर्थिंग टाकतो, मगच चढतो. चढायची घाई करायला त्याला कोणी लावू नका, हात जोडून सांगतो.

का ते सांगतो. एका पावसाळ्यात परमिट हातात होतं, सबस्टेशनातून लाईन बंद, आमच्या माणसाने अर्थिंगचा रॉड तारेला लावला आणि चट् करून ठिणगी पडली, त्याच क्षणी खालच्या आळीत घुरघुरणारं जनरेटर गुदमरून बंद पडलं. एका दुकानदाराने चेंजओव्हर (घर एकतर लाईनवर नाहीतर जनरेटरवर ठेवणारा स्विच) न बसवता जनरेटर सरळ घरच्या वायरिंगला जोडलं होतं. डीपीवर तीनच कनेक्शनं, लोड कमी, म्हणून जनरेटर तग धरून होतं. डीपी जशी ११,००० व्होल्ट उतरवून घरात पाठवते तशीच उलट दिशेने घरचे २३० व्होल्ट चढवून तारेवर पाठवते. रॉडच्या जागी आमच्या माणसाचा हात असता तर संपलंच होतं. तो काही बोलला नाही, बराच वेळ पोलला टेकून बसून राहिला. म्हणून जनरेटर असेल तर चेंजओव्हर बसवाच.

अजून एक, लाईट गेली की मेन स्विच बंद करा किंवा निदान फ्रीज, मोटर, गिझर बंद ठेवा. आख्ख्या वाडीचं सगळं एकदम सुरू झालं की डीपीचा फ्यूज लगेच उडतो आणि वायरमनला परत यावं लागतं. तक्रार १९१२ वर करताना "लाईट नाही" एवढंच सांगू नका, शेजारच्या आळीत आहे का, कुठल्या पोलजवळ तार तुटलीये, डीपीवर आवाज झाला होता का, हे सांगा, निम्मं शोधकाम तिथेच वाचतं. तुटलेल्या तारेच्या जवळ मात्र जाऊ नका, गुरंही लांब बांधा.

प्रश्न : १२ ऑक्टोबर २०२० ला आख्ख्या मुंबईची लाईट गेली आणि काही तासांत बहुतेक ठिकाणी आली पण. मग गावालाच एवढे दिवस का?

उत्तर : कारण त्या दिवशी मुंबईत पोल पडले नव्हते. कळवा-पडघा भागातली एक मोठी लाईन आधीच दुरुस्तीसाठी बंद होती, बाकीच्या एकामागोमाग ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या, आणि सकाळी दहाच्या सुमाराला शहराला बाहेरून येणारी वीज तुटली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी मुंबईने ग्रिडपासून, म्हणजे बाहेरच्या विजेच्या जाळ्यापासून, सुटून स्वतःच्या विजेवर तग धरायचा अशी आयलँडिंगची व्यवस्था आहे, ती त्या दिवशी टिकली नाही. पण तारा धड होत्या, त्यामुळे काम होतं ते कंट्रोल रूमचं. एकेक तुकडा जोडायचा, ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचा ठरलेला ठेका, सांभाळायची, ती स्थिर झाली की पुढचा तुकडा. घाईने सगळं जोडलं तर पुन्हा सगळं बसतं. रेल्वे आणि हॉस्पिटलं आधी, बाकीचं शहर टप्प्याटप्प्याने, काही उपनगरांना संध्याकाळ झाली. तुमच्याकडे तारच जमिनीवर पडलेली असते, ती कंट्रोल रूममध्ये बसून कोणाला उचलता येत नाही.