मर्यादित संख्येत बनवलेल्या मसल कारची किंमत पुढे वाढतेच का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: २०२३ सालची डॉज चॅलेंजर डेमन १७० ही मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची अमेरिकी गाडी, तुम्हाला मिळू शकते आहे, विक्रेता तिच्यासाठी दीड लाख डॉलर मागतो आहे आणि अशा गाड्या जास्तीत जास्त ३,३०० बनणार असे कंपनीनेच जाहीर केलेले असल्यामुळे ती पंधरा वर्षे न चालवता जपली, तर मुलीच्या उच्च शिक्षणाचा खर्च तिच्यातून निघेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. शिक्षणासाठी बाजूला काढलेले पैसे कृपा करून या गाडीत घालू नका. गाडी मनापासून आवडली असेल आणि तिच्यासाठीचे पैसे वेगळे असतील, तर जरूर घ्या आणि चालवा.

मी बावीस वर्षे डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या व्यवसायात नोकरी करतो आणि दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी मोठी मिरवणूक निघते, ती सहसा चुकवत नाही. तिथे ज्या गाड्यांभोवती गर्दी जमते, त्यांच्या किमती कशामुळे वाढल्या हे पाहिले, की ‘कमी बनली म्हणून महाग झाली’ हे स्पष्टीकरण अपुरे वाटू लागते.

१९७१ सालच्या प्लायमाउथ हेमी कुडा कन्व्हर्टिबलचे उदाहरण घ्या. त्या वर्षी अशा गाड्या अकरा बनल्या, आदल्या वर्षी चौदा. २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात त्यांतल्या एका गाडीवर ३५ लाख डॉलरची बोली लागली. पण त्या अकराच का बनल्या? कंपनीने मर्यादा घातली होती म्हणून नव्हे, तर कोणी मागितल्याच नाहीत म्हणून. १९७० मध्ये ४२६ घनइंची हेमी इंजिनासाठी ८७१ डॉलर जास्त मोजावे लागत, विमा कंपन्या अशा गाड्यांवर भरमसाट हप्ता लावत, शर्यतीच्या नादी लागलेल्या मुलांना हलकी, बंद छताची गाडी हवी असे आणि उघड्या छताची गाडी घेणाऱ्यांना एवढ्या दांडग्या इंजिनाशी काही कर्तव्य नसे. या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत मागणारे गिऱ्हाईक फार थोडे होते.

१९६९ च्या शेव्हरोले कॅमारो झेडएल१ चीही हीच कथा आहे. पूर्ण ॲल्युमिनियमचे ४२७ घनइंची इंजिन असलेल्या या गाड्या फक्त ६९ बनल्या. त्यांपैकी ५० इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या लहानशा गावातील फ्रेड गिब या डीलरने मागवल्या होत्या. एकट्या इंजिनाचा अधिभार चार हजार डॉलरच्या वर होता, त्यामुळे गाडीची किंमत सात हजारांपुढे गेली, गाड्या खपेनात आणि डीलरला त्यांतल्या बऱ्याचशा कंपनीकडे परत पाठवाव्या लागल्या. नास्कार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या नियमापोटी बनवलेल्या १९७० च्या प्लायमाउथ सुपरबर्ड सुमारे १,९०० होत्या, पण लांब नाक आणि मागचा उंच पंख पाहून लोक बिचकत. तेव्हा काही डीलरांनी ते नाक आणि पंख काढून टाकून साधी रोड रनर (सुपरबर्ड जिच्यावरून बनवली ती गाडी) म्हणून ती विकली. याच सुपरबर्डची एक हेमी इंजिनवाली प्रत २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात साडेसोळा लाख डॉलरला गेली.

या गाड्या त्या काळी कोणीही ठेव म्हणून घेतल्या नव्हत्या. त्या वापरल्या गेल्या, रस्त्यावरच्या शर्यतींत त्यांची इंजिने फुटली, १९७३ च्या तेलसंकटानंतर कवडीमोल भावाने विशीतल्या पोरांच्या हाती पडल्या आणि आमच्या मिशिगनसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर पडणाऱ्या मिठाने कित्येकींचे पत्रे खाल्ले. आधीच थोड्या, त्यात जगल्या-वाचल्या त्याहून थोड्या. त्यातून कॉलेजात असताना ज्यांना ही गाडी परवडली नाही, ते लोक पन्नाशीत पोहोचले तेव्हा त्यांच्या हाती भरपूर पैसा होता. या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या तेव्हा किमती चढल्या, आणि त्याही सरळ रेषेत चढल्या नाहीत. २००७ पर्यंत मसल कारचा बाजार तापत गेला आणि २००८ च्या आर्थिक संकटानंतर तो जोरात कोसळला. हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः २००७ मध्ये एक १९७० ची शेव्हरोले शेव्हेल ३८ हजार डॉलरला घेतली होती आणि पाच वर्षांनी ती २६ हजारांना विकली. तिचे इंजिन मूळचे नव्हते, हे मला घेतल्यानंतर कळले, कारण घेण्यापूर्वी काय विचारायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

आता उलट उदाहरण सांगतो, आणि तुमच्या बेताशी त्याचे फार जवळचे नाते आहे. १९७८ मध्ये शेव्हरोलेने इंडियानापोलिसच्या शर्यतीची पेस कार, म्हणजे शर्यतीत स्पर्धकांच्या पुढे धावणारी गाडी, म्हणून काळ्या-रुपेरी रंगाची खास कॉर्व्हेट काढली. कॉर्व्हेटला काटेकोर अर्थाने मसल कार म्हणत नाहीत, पण खरेदीमागचे मानसशास्त्र तेच आहे. आधी थोड्याच गाड्यांचा विचार होता, मग प्रत्येक डीलरला एक तरी मिळावी म्हणून आकडा ६,५०२ वर गेला. छापील किंमत १३,६५३ डॉलर होती. ही गाडी म्हणजे हमखास नफा, अशी हवा वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली आणि लोक दुप्पट पैसे मोजून ती घेऊ लागले. शेकडो लोकांनी ती घरी आणली, आसनांवरचे प्लास्टिकही न काढता गॅरेजमध्ये लावली आणि दारावर चिकटवायची अक्षरे पाकिटातच ठेवली. महागाईचा हिशेब केला तर त्या १३,६५३ डॉलरचे आज साठ हजारांहून अधिक होतात. पण त्या गाड्या आजही तीस हजारांच्या आसपास मिळतात, कारण जपलेली, कमी चाललेली पेस कार ही दुर्मीळ वस्तूच नाही. सगळ्यांनीच जपली होती.

माझ्या गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे अशी एक गाडी आहे. ४७ वर्षांत ती हजार मैलही चाललेली नाही. दर वसंतात ते आवरण काढून ती पुसतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. त्यांना त्या गाडीचा आवाज नीट आठवत नाही, असे त्यांनी मला सांगितले तेव्हा फार वाईट वाटले.

तुमच्या डेमनचा विचार करताना मला हेमी कुडापेक्षा ही कॉर्व्हेटच डोळ्यांपुढे येते. ३,३०० पैकी ३,००० अमेरिकेसाठी आणि ३०० कॅनडासाठी होत्या, आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात तुमच्यासारखाच विचार होता. पंधरा वर्षांनी बाजारात येतील त्या गाड्याही बहुतेक कोऱ्याच असतील. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. २०१८ ची पहिली डेमनही ३,३०० च बनली होती. शर्यतीच्या इंधनावर ८४० अश्वशक्ती देणारी ती गाडी तेव्हा ‘पुन्हा होणे नाही’ म्हणून विकली गेली. पाचच वर्षांत त्याच कंपनीने त्याच नावाची, ई-८५ या इथेनॉल मिसळलेल्या इंधनावर १,०२५ अश्वशक्ती देणारी गाडी काढली. आकड्याची मर्यादा कंपनी पाळते, पण पुढे काय काढायचे यावर तिने स्वतःला कधीच बांधून घेतलेले नसते.

डेमनच्या बाजूनेही बोलायला हवे. चॅलेंजरचे उत्पादन कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात डिसेंबर २०२३ मध्ये थांबले, त्याच महिन्यात कॅमारोही संपली, आणि चॅलेंजरमधल्या सुपरचार्ज केलेल्या (दाबाने हवा भरणाऱ्या) व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांच्या, इंजिनाचा हा शेवटचा टप्पा म्हणून तिला इतिहासात जागा राहील यात मला शंका नाही. शिवाय सगळ्यांनी जपलेली गाडी महाग होत नाही, हा माझा नियम प्रत्येक वेळी लागू पडतोच असे नाही. १९८७ ची ब्युइक जीएनएक्स पुष्कळांनी जपूनच ठेवली होती, तरी सुमारे तीस हजार डॉलरच्या त्या गाडीच्या उत्तम प्रती आज महागाई जमेस धरूनही कितीतरी वर विकल्या जातात. पण जीएनएक्स अवघ्या ५४७ होत्या, आणि टर्बो लावलेल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाने तिने त्या मरगळलेल्या दशकात सगळ्यांना चकित केले होते. ५४७ आणि ३,३०० यांतला फरक लहान नाही.

आता साधा हिशेब मांडू. दीड लाख डॉलर सात टक्के दराने पंधरा वर्षे गुंतवले, तर सुमारे ४ लाख १४ हजार होतात. तेवढेच पैसे गाडीतून हाती यायचे, तर ती त्याहून बरीच जास्त किमतीला विकली गेली पाहिजे, कारण लिलावात विकणाऱ्याकडून कमिशन घेतात आणि घेणाऱ्यालाही बोलीवर सहसा दहा टक्के जास्त द्यावे लागत असल्याने तो बोली तेवढी आखडती घेतो. म्हणजे साडेचार लाखांच्या पुढचा आकडा धरा. त्यात पंधरा वर्षांचा विमा, कोरडी आणि उबदार जागा, बॅटरी, कडक होऊन जाणारे टायर, सुकणारी रबरी सीले आणि तारा कुरतडणारे उंदीर यांचा खर्च मी धरलेलाच नाही. ज्या गाडीची छापील किंमत ९६,६६६ डॉलरपासून सुरू होत होती, तिला तुमची मुलगी कॉलेजात जाईल नेमक्या त्याच वर्षी साडेचार लाख देणारा माणूस भेटेल, या भरवशावर तुम्ही बसणार आहात. शिक्षणाची फी वेळ पाहून थांबत नाही. लिलावाचा बाजार मात्र दोन-चार वर्षे सहज झोपून राहतो.

ठेव म्हणून मसल कारच घ्यायची असे कोणी ठरवलेच असेल, तर त्याने १९६४ ते १९७१ या काळातल्या कागदपत्रांसह मिळणाऱ्या गाडीकडे पाहावे, असे मी सांगेन. तिथेही ‘नंबर मॅचिंग’ हा शब्द प्रत्यक्ष तपासून घ्यावा लागतो: इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो का, हे स्वतः किंवा जाणकाराकडून पाहून घ्यावे. क्रायसलरच्या (डॉज आणि प्लायमाउथ याच कंपनीच्या) १९७० आणि १९७१ च्या गाडीच्या क्रमांकातले पाचवे अक्षर इंजिन कोणते ते सांगते, हेमीसाठी ते ‘आर’ असते. शेव्हरोलेच्या १९७२ पूर्वीच्या क्रमांकातून नेमके इंजिन कळतच नाही, म्हणून साध्या कॅमारोला महागडी बनवून विकणाऱ्यांचे तिथे फावते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट नावाचा कारखान्याच्या नोंदींचा उतारा पैसे भरून मिळतो. कारखान्यात गाडीसोबत फिरणारा कागद कधी कधी मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो, आणि तो जीर्ण कपटा गाडीच्या किमतीत हजारो डॉलरची भर घालतो. माझ्या शेव्हेलमध्ये तो नव्हता.

तुमच्या विक्रेत्याने मागितलेली रक्कम मला अवास्तव वाटते. त्याच्याकडून विंडो स्टिकरची, म्हणजे नव्या गाडीच्या काचेवर लावलेल्या छापील किमतीच्या कागदाची, प्रत मागवून घ्या, छापील आकडा आणि मागणी यांतला फरक कशापोटी आहे ते लेखी विचारा, आणि अलीकडच्या लिलावांत कमी चाललेल्या डेमन १७० प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या याचे निकाल त्याच्यापुढे ठेवा. मागितलेल्या किमती ठेवू नका, विकल्या गेलेल्या ठेवा. तो छापील किमतीच्या जवळ आला आणि मुलीचे पैसे सुरक्षित राहिले, तर गाडी घ्या, विमा ठरीव मूल्याचा, म्हणजे भरपाईची रक्कम आधीच ठरवलेला, करा आणि एप्रिलमध्ये रस्त्यांवरचे मीठ पावसाने धुऊन निघाले, की मुलीला शेजारी बसवून ती बाहेर काढा.