अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळायला यायचंय, व्हिडिओत काय घालू?

तू लिहिलंयस की साताऱ्यात एसवायबीकॉमला आहेस, उंची 5 फूट 7 इंच, युनिव्हर्सिटीकडून गार्ड (बॉल हाताळणारी, बाहेरून खेळणारी) खेळतेस आणि इकडच्या कोचना व्हिडिओ पाठवायचाय. मी पुण्याहून येऊन सहा वर्षं झाली, एका छोट्या कॉलेजच्या मुलींच्या टीमबरोबर आधी ग्रॅज्युएट असिस्टंट होते, आता असिस्टंट कोच आहे, त्यामुळे असे व्हिडिओ आधी माझ्याकडेच येतात. मनापासून सांगते, बास्केटच्या क्लिप कमी कर आणि डिफेन्सच्या वाढव.

कारण शूट करणाऱ्या मुली इकडे ढिगाने आहेत, पण समोरच्या टीमची सगळ्यात भारी गार्ड कोणाच्या अंगावर द्यायची हा प्रश्न प्रत्येक कोचला दर मॅचला पडतो, आणि त्याचं उत्तर असलेल्या मुलीला मिनिटं मिळतातच. इकडच्या मुलींच्या कॉलेज चॅम्पियनशिपची 2023 ची सेमीफायनल बघ, आयोवा युनिव्हर्सिटीने साउथ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या बाहेरून न टाकणाऱ्या मुलींना चक्क मोकळं सोडलं आणि पेंट, म्हणजे बास्केटखालची जागा, भरून टाकला, तोवर एकही मॅच न हरलेली टीम 77-73 ने गेली. पुढच्या वर्षी फायनलला पुन्हा त्याच दोन टीम, आयोवाची स्टार गार्ड केटलिन क्लार्कने पहिल्याच क्वार्टरमध्ये 18 पॉइंट काढले, पण मॅच संपली तेव्हा तिचे 30 होते, म्हणजे उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये फक्त 12. साउथ कॅरोलायनाची कोच डॉन स्टेलीने तिला अडवायचा मोठा भार आपल्या गार्डवर, रेव्हन जॉन्सनवर टाकला होता, हाफ संपता संपता तिने क्लार्कच्या हातातून बॉल काढून लेअप मारला तो क्षण तर दहा वेळा बघ. आदल्या वर्षी मोकळी सोडलेली हीच ती मुलगी!! साउथ कॅरोलायना 87-75 ने जिंकली.

आमच्याकडे मॅचच्या दोन दिवस आधी स्काऊटचा कागद निघतो, म्हणजे समोरच्या टीमचा अभ्यास. त्यांच्या एकेका मुलीपुढे दोन ओळी (स्क्रीन म्हणजे डिफेंडरच्या वाटेत आडवी उभी राहणारी तिची साथीदार), उदा. "उजवीकडूनच घुसते, डावीकडे ढकल, स्क्रीनच्या खालून गेलीस तरी चालेल" किंवा "शूटर आहे, स्क्रीनच्या वरूनच जा, क्लोजआउटला (शूटरकडे धावत जाताना) हात वर". मुलींना हे पाठ लागतं, प्रॅक्टिसला कोच मधेच थांबवून विचारते की 12 नंबर काय करते, आणि उत्तर आलं नाही तर ती मुलगी बाहेर. प्रॅक्टिसला समोर बऱ्याचदा कॉलेजची मुलं उभी करतात, ती समोरच्या टीमच्या चाली करून दाखवतात, ताकद आणि स्पीड जास्त असल्याने आमच्या मुलींना पाय हलवावेच लागतात.

आणखी एक गोष्ट, बोलणं. आपल्याकडे कोर्टवर कोच ओरडतो आणि मुली गप्प खेळतात, इकडे पाचही जणी सतत ओरडत असतात, स्क्रीन लेफ्ट, स्विच, हेल्प आहे, बॉल बॉल. आपण 24 सेकंदाचं शॉट क्लॉक (तेवढ्यात शॉट टाकायलाच हवा) खेळतो, इकडे 30 आहे, पहिली चाल अडवली तरी दुसरी तिसरी येतेच, तिथे न बोलणारी टीम फुटते. तुझ्या व्हिडिओला आवाज असू दे, वर गाणं लावू नकोस प्लीज.

आता कागदपत्रांचं. इकडचे कॉलेज खेळ एनसीएए ही संस्था चालवते, तिच्या डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाला, पाच वर्षांचं घड्याळ असतं (तेवढ्यातच तुझे सीझन खेळून संपवायचे) आणि ते तू कॉलेजात फुल टाइम ॲडमिशन घेतलीस तेव्हापासून सुरू होतं, मग कॉलेज साताऱ्यातलं का असेना, म्हणजे तुझं सुरू झालंय, त्यामुळे एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर रजिस्टर करून तिथूनच सगळं लेखी विचारून घे. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते. एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, जाहिरातींच्या पैशाची स्वप्नं कोणी दाखवत असेल तर त्या नादाला लागू नकोस, त्यात व्हिसाच धोक्यात येतो. माझ्या एका मैत्रिणीकडून स्कॉलरशिप नक्की म्हणत एजंटने आधीच पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं, तिच्या आईने त्यासाठी बांगड्या मोडल्या होत्या, मला अजून राग येतो. कोचला ईमेल स्वतः कर, त्याला पैसे लागत नाहीत.

हायलाइट दोन मिनिटांच्या वर नको, पण सोबत एक अख्खा क्वार्टर न कापता जोड, ज्यात त्यांची बेस्ट गार्ड तुझ्याकडे आहे. तिने तुझ्यावर चार बास्केट टाकल्या असतील तरी चालेल, पाचव्या वेळी तू काय बदललंस ते मला बघायचंय.